बुरशीचे विष आणि आंबिलातले जिवाणू

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पावसाळ्यात मका किंवा गुरांची ढेप बुरसली, की आपण ती झटकून, उन्हात वाळवून वापरतो. बुरशी जाते, तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष मागे राहते. शिजवूनही ते पुरते नष्ट होत नाही, गाईच्या दुधातही उतरते. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमाभागात असा मका खाऊन शंभरावर माणसे यकृताच्या विकाराने दगावली.

लॅक्टोबॅसिलस कुळातील काही जिवाणूंच्या पेशीभित्तीला मात्र हे विष चिकटते व आतड्यातून रक्तात कमी शिरते. नवल असे, की मेलेले जिवाणूही हे काम करतात! तरी घरची आंबील हाच उतारा समजू नये. तिच्यात नेमके कोणते जिवाणू वाढले, हे डोळ्यांना दिसत नाही. आणि चिकटलेले विष काही अंशी पुन्हा सुटतेही.