रबराच्या ताणातली ऊब

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

एक रबरबँड घ्या. भाजीच्या जुडीला बांधलेलं बारीक नको; कागदांच्या जाड गठ्ठ्याला लावतात तसं रुंद हवं, आणि चिरा पडलेलं नको. ते सैल असतानाच वरच्या ओठाला टेकवा. विशेष काही जाणवणार नाही. आता ते चेहऱ्यापासून लांब नेऊन झटकन चांगलं ताणा आणि ताणलेलंच पुन्हा ओठाला लावा. ते चक्क कोमट लागेल. तसंच ताणलेलं अर्धा मिनिट हवेत धरून ठेवा, म्हणजे आलेली ऊब निघून जाईल. मग दोन्ही हात एकदम जवळ आणून रबर आखडू द्या आणि लगेच ओठाला लावा. आता ते गार लागेल.

प्रयोग एवढाच. खर्च काही नाही, वेळ एक मिनिट. मात्र ताणताना रबर तुटलं तर डोळ्याला लागू शकतं, म्हणून ताणायचं ते चेहऱ्यापासून दूरच, आणि मुलं करत असतील तर मोठ्यांनी जवळ थांबावं. ओठच का, असं कुणी विचारेल. बोटांनी आपण रबर धरलेलं असतं, त्यामुळे बोटांची स्वतःची उष्णता त्यात मिसळते. शिवाय ओठाची त्वचा पातळ असते आणि दोन-तीन अंशांचा फरकही तिला समजतो.

ओठाची ही युक्ती दोनशे वर्षांपूर्वीची आहे. इंग्लंडमधल्या केंडाल गावी जॉन गॉफ नावाचे एक गृहस्थ होते. लहानपणी देवी येऊन त्यांची दृष्टी गेली. पण वनस्पतींपासून गणितापर्यंत सगळ्यात त्यांना गती होती. अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन तरुणपणी त्यांच्याकडे शिकले. या गॉफनी रबराची पट्टी ओठाला लावून ती ताणली की तापते आणि सोडली की निवते, हे ओळखलं. त्यांचं हे निरीक्षण १८०५ मध्ये मँचेस्टरच्या एका विद्वत्सभेच्या वृत्तांतात छापून आलं. डोळे असलेल्या किती जणांनी त्याआधी रबर ताणलं असेल! पण ते तापतं हे टिपलं एका अंध माणसाच्या ओठांनी.

गॉफनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली होती, आणि ती जास्त चक्रावणारी आहे. वजन टांगून ताणलेली रबराची पट्टी गरम केली, तर ती लांब होत नाही, उलट आखडते. आपण शाळेत काय शिकतो? उष्णतेनं वस्तू प्रसरण पावतात. लोखंडाचा रूळ उन्हाळ्यात वाढतो, विजेच्या तारा दुपारी जास्त झोळतात. आणि हे रबर मात्र तापलं की वजन वर उचलतं.

हेही घरी करून पाहता येतं. खिडकीच्या गजाला रबरबँड अडकवा. त्याच्या खालच्या टोकाला दोऱ्यानं एक छोटा डबा टांगा आणि त्यात तांदूळ घालत जा. रबर मूळच्या दुप्पट-अडीचपट लांब झालं की थांबा. आता घाई करू नका. रबर पहिली काही मिनिटं हळूहळू वाढतच राहतं, म्हणून अर्धा तास ते तसंच टांगून ठेवा. पुष्कळांचा हा प्रयोग इथेच फसतो. रबर आपलं आपण उतरत असतं आणि उष्णतेचा परिणाम त्यात झाकला जातो. डबा स्थिरावला की त्याच्या मागे एक पोस्टकार्ड चिकटवून तळाच्या पातळीला पेन्सिलीनं रेघ मारा. मग केस वाळवायच्या यंत्रानं, वीतभर अंतरावरून, रबरावर वरपासून खालपर्यंत गरम वारा सोडा. डबा रेघेपेक्षा वर सरकतो. किती, हे रबराच्या जातीवर आणि जाडीवर आहे. पण काही मिलिमीटर तरी नक्की, आणि ते डोळ्यांना सहज दिसतं. वारा बंद केला की डबा पुन्हा खाली येतो. मेणबत्ती किंवा काडी मात्र रबराजवळ नेऊ नका. रबर पेट घेतं आणि धूर वाईट असतो.

आता याच प्रयोगाचा दुसरा भाग करा. माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. डब्यातले जवळजवळ सगळे तांदूळ काढून टाका, म्हणजे रबर जेमतेम सरळ होईल, ताणलं असं जाणार नाही. आणि पुन्हा गरम वारा सोडा. या वेळी डबा वर जात नाही. जागचा हलत नाही, किंवा नीट पाहिलंत तर किंचित खाली येतो. म्हणजे न ताणलेलं रबर इतर पदार्थांसारखंच प्रसरण पावतं. ते लोखंडाच्या कितीतरी पट जास्त प्रसरण पावतं, पण दिशा तीच. ताण साधारण १० टक्क्यांच्या पुढे गेला की मात्र पारडं फिरतं आणि आखडणं वरचढ होतं. एकाच रबरात दोन ओढी आहेत. ताण कमी असताना एक जिंकते, जास्त असताना दुसरी.

ही दुसरी ओढ कुठून येते? १८५९ मध्ये जेम्स जूल यांनी गॉफचे प्रयोग काटेकोर मोजमाप करून पुन्हा केले. आपल्या पाठ्यपुस्तकांत ज्यांच्या नावाचं ऊर्जेचं एकक आहे, तेच हे जूल. ताणल्यावर जो पदार्थ तापतो, तो ताणात असताना तापवला तर आखडलाच पाहिजे, हे उष्णतेच्या नियमांतून निघतं. जूल यांची मोजमापं त्याच्याशी जुळली. पण असं होतं ते का, हे त्यांनाही सांगता येण्यासारखं नव्हतं. कारण रबर कशाचं बनलेलं आहे, हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. रबराचा रेणू म्हणजे हजारो दुव्यांची एक लांबच लांब साखळी असते, ही कल्पना हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९२० मध्ये मांडली. पुष्कळ वर्षं तिला विरोध झाला. १९५३ मध्ये त्यांना त्यासाठीच नोबेल पारितोषिक मिळालं.

शाळेच्या मैदानावर पंचवीस-तीस मुलं हात धरून एका ओळीत उभी आहेत, असं समजा. दोन टोकांना दोन शिक्षक आहेत आणि त्यांनी ओळ ताणून सरळ धरली आहे. मुलं शांत असतील तर शिक्षकांना काही ओढ जाणवणार नाही. पण मुलं जागच्या जागी उड्या मारू लागली, डावी-उजवीकडे धडपडू लागली, की ओळ वेडीवाकडी होते आणि दोन्ही शिक्षक आत ओढले जातात. कुणी मुलानं शिक्षकांना ओढायचं ठरवलेलं नसतं. सरळ उभं राहण्याचा प्रकार एकच आणि वेडंवाकडं होण्याचे हजार, म्हणून ओळ आपोआप आखडते. मुलं जेवढा जास्त दंगा करतील तेवढी शिक्षकांच्या हाताला ओढ जास्त.

रबराच्या साखळ्यांचा दंगा म्हणजेच उष्णता. रबर तापलं की साखळ्या जास्त जोरानं हलतात आणि टोकं जास्त जोरानं आत ओढतात. डबा वर जातो तो त्यामुळे. ३० अंशांवरचं ताणलेलं रबर लांबी न बदलता ७० अंशांपर्यंत नेलं, तर त्याची ओढ साधारण १३ टक्क्यांनी वाढते. पोलादी स्प्रिंगचं काम अगदी वेगळं आहे. तिच्यात अणू एकमेकांपासून किंचित दूर खेचले जातात आणि आपण लावलेली शक्ती त्या खेचण्यात साठून राहते. रबरात साठवायला तशी जागा जवळजवळ नाहीच. आपण ताणताना केलेलं काम साखळ्यांच्या हालचालीत जातं, म्हणून ओठाला ऊब लागते. रबर आखडताना काम ते करतं आणि स्वतःच्या उष्णतेतून खर्च करतं, म्हणून गार लागतं.

हे ओळखून काहींनी रबराच्या आऱ्यांचं चाकही केलं आहे. सायकलच्या चाकाला तारांऐवजी रबरबँड लावायची आणि एका बाजूला दिवा ठेवायचा. त्या बाजूची रबरं आखडतात, चाकाचा तोल दुसऱ्या बाजूला जातो आणि चाक सावकाश फिरू लागतं. रिचर्ड फाइनमन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाच्या प्रसिद्ध व्याख्यानांत या चाकाचं वर्णन आहे. घरी करायचं तर भरतकामाची रिंग घेता येईल, पण तोल साधता साधता दोन रविवार जातील, हे आधीच सांगून ठेवतो.

फाइनमन यांचंच नाव रबराच्या दुसऱ्या एका प्रयोगाशी जोडलं गेलं आहे, आणि तो गमतीचा नव्हता. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अमेरिकी अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि त्यातले सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. यानाच्या बाजूच्या अग्निबाणांचे भाग एकमेकांना जोडलेले होते आणि त्या सांध्यांतून तप्त वायू बाहेर पडू नये म्हणून रबराची मोठी कडी बसवलेली होती. कड्याची जाडी सुमारे सात मिलिमीटर. प्रज्वलनाच्या क्षणी सांधा किंचित उघडतो आणि त्याच क्षणी दबलेल्या रबरानं फुगून फट बुजवायची असते. त्या दिवशी फ्लोरिडात अवेळी थंडी होती. उड्डाणाच्या वेळी हवा दोन अंशांच्या आसपास होती. अग्निबाण बनवणाऱ्या कंपनीच्या काही अभियंत्यांनी आदल्या रात्रीच थंडीमुळे उड्डाण नको असं सांगितलं होतं. त्यांचं ऐकलं गेलं नाही.

चौकशी समितीत फाइनमन होते. ११ फेब्रुवारीच्या जाहीर बैठकीत त्यांनी त्या कड्याच्या रबराचा तुकडा छोट्या शिकंज्यात दाबून समोरच्या बर्फाच्या पाण्यात बुडवला. काही वेळानं बाहेर काढून शिकंजा सोडला, तर रबर पूर्ववत व्हायला वेळ घेत होतं. हजारो पानांचे अहवाल जे सांगायला चाचरत होते, ते पेलाभर पाण्यानं सांगितलं. मुलांचा दंगा थंडावला होता, इतकंच.

सगळीच रबरं बर्फाच्या पाण्यात अशी सुस्तावत नाहीत, हेही लक्षात घ्यावं. झाडाच्या चिकापासून केलेलं रबर शून्याखाली सुमारे ७० अंशांपर्यंत काचेसारखं ठिसूळ होत नाही. तुमचं रबरबँड फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवलंत तरी सकाळी बहुधा नेहमीसारखंच ताणलं जाईल. अग्निबाणाचं कडं वेगळ्या, कृत्रिम रबराचं होतं. ते उष्णता आणि रसायनं उत्तम सोसतं, पण थंडीत लवकर सुस्तावतं.

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण तसंच एक कडं आपल्याकडे रोज चुलीवर चढतं. प्रेशर कुकरच्या झाकणातली रिंग. ती ढिली झाली, वाफ बाजूनं जाऊ लागली, की घरोघर एक उपाय करतात: रिंग काही वेळ फ्रीजरमध्ये ठेवायची. आणि तो लागू पडल्यासारखा वाटतो. कारण ही रिंग ताणलेली नसते. न ताणलेलं रबर तापलं की वाढतं आणि गार झालं की आकसतं, हे तांदूळ काढलेल्या डब्यानं आपल्याला दाखवलंच आहे. वीतभर व्यासाची रिंग फ्रीजरमध्ये एक-दोन मिलिमीटर आकसते आणि झाकणात घट्ट बसते. पण कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. फ्रीजरनं दिलेलं माप पहिल्या शिट्टीच्या आधीच परत जातं.

रिंगेचं खरं दुखणं निराळंच असतं. रोजची उष्णता आणि तेलाचा अंश यांनी रबराच्या काही साखळ्या तुटतात, काहींमध्ये नवे, नको असलेले दुवे तयार होतात. तेही रिंग दाबलेली असताना, म्हणजे दबलेल्या आकारातच ती गोठते. जी उष्णता साखळ्यांना नाचवून रबराला उसळी देते, तीच वर्षभरात त्यांचे हातपाय बांधून टाकते. फ्रीजर हे दुवे सोडवू शकत नाही.

तपासायचं असेल तर रिंग धुऊन, पुसून, घरातल्या नेहमीच्या तापमानाला एका जागी दुमडा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यात पाच मिनिटं दाबून ठेवा. चिमटा काढा आणि मनात आकडे मोजा. चांगली रिंग लगेच सरळ होते. दहा आकडे झाले तरी दुमड राहिली, किंवा दुमडीच्या बाहेरच्या अंगाला बारीक भेगा दिसल्या, तर ती टाकून द्या आणि त्याच कुकरच्या मापाची नवी आणा. नव्या रिंगेवरही आणल्या दिवशीच ही परीक्षा करून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी ताडून पाहायला काहीतरी हाताशी राहील.