जुनं ते सोनं? जुन्या मोटारसायकलींचे भाव का चढतात



मागच्या महिन्यात माझा एक माजी विद्यार्थी शाळेत भेटायला आला. चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होता. आता आयटीआय करून कामाला लागलाय. म्हणाला, "बाई, एक आरएक्स हंड्रेड बघितलीय. दीड लाख सांगतोय. घेऊ का?"

मला आधी हसूच आलं. त्याचा जन्म व्हायच्या आधी जी गाडी बनायची बंद झाली, तिच्यासाठी दीड लाख! तेवढ्या पैशात शोरूममधून नवी कोरी गाडी येते. आणि लगेच आठवलं, आमच्या घरची येझदी वडिलांनी भंगारवाल्याला चक्क किलोवर दिली होती.

दोन्ही गाड्या साधारण एकाच जमान्यातल्या. एक वजनावर गेली, दुसरीला दीड लाख. असं का होतं? आज हेच समजून घेऊ.

किंमत ठरते कशी?

वस्तू बनवायला किती खर्च आला यावर किंमत ठरते, असं आपल्याला वाटतं. नव्या वस्तूच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण जी वस्तू आता बनतच नाही, तिची किंमत दोनच गोष्टींवर ठरते. ती किती शिल्लक आहे आणि ती किती जणांना हवी आहे. म्हणजेच पुरवठा आणि मागणी.

टोमॅटो महागला की शेतकरी पुढच्या हंगामात जास्त लावतो आणि भाव खाली येतो. जुन्या मोटारसायकलीचं तसं नाही. भाव कितीही चढला तरी १९८८ सालची एकही नवी गाडी आता तयार होणार नाही. उलट दरवर्षी काही गंजतात, काही अपघातात जातात, काही सुटे भाग काढून संपतात. पुरवठा फक्त कमीच होतो.

पुरवठा आटला कसा?

आपल्याकडच्या तीन गाड्या बघा.

१) जावा आणि येझदी. मूळ कंपनी चेकोस्लोव्हाकियाची. म्हैसूरच्या 'आयडियल जावा' कारखान्यात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून या गाड्या बनू लागल्या, पुढे त्याच येझदी नावाने आल्या. किक मारायचा दांडाच पुढे फिरवून गिअरसाठी वापरायचा, ही त्यांची खासियत. १९९६ साली कारखाना बंद पडला.

२) राजदूत ३५०. यामाहाच्या आरडी ३५० वर आधारलेली, दोन सिलिंडरची, ३४७ सीसीची गाडी. १९८३ ला आली. वेग जबरदस्त, पण पेट्रोल फार प्यायची आणि सुटे भाग महाग. त्या काळी लोकांनी तिला नाकारलं आणि दशक संपता संपता ती बंद झाली.

३) यामाहा आरएक्स १००. १९८५ ते १९९६. इंजिन फक्त ९८ सीसी, वजन हलकं, उचल अशी की मोठ्या गाड्यांना मागे टाकायची.

या तिन्ही गाड्या टू-स्ट्रोक. म्हणजे पिस्टनच्या एका वरच्या आणि एका खालच्या फेरीत काम पूर्ण. त्यामुळे छोट्या इंजिनातून जास्त ताकद मिळते आणि तो ओळखीचा आवाजही येतो. पण पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं, धूर होतो. १९८५ साली हिरो होंडाची फोर-स्ट्रोक गाडी आली. तिचा मायलेज बघून नोकरदार माणूस तिकडे वळला. नंतर प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकलींचं युग संपलं.

गंमत लक्षात आली का? राजदूत ३५० तेव्हा खपली नाही, म्हणून कमी बनली. कमी बनली म्हणून आज दुर्मिळ. आणि दुर्मिळ म्हणून आज चांगल्या स्थितीतली गाडी काही लाखांत जाते. कालचं अपयश हेच आजच्या किमतीचं कारण!

मागणी का वाढली?

१९८५ ते ९५ या काळात जी मुलं कॉलेजात होती, ती दुसऱ्याच्या गाडीकडे बघत बसने जायची. आज त्यांनी पन्नाशी ओलांडलीय. घर झालं, मुलं मार्गी लागली, हातात थोडा पैसा आहे. राहून गेलेली हौस आता पूर्ण करायची असते. जगभर असंच दिसतं: तरुणपणी जी गाडी मिळाली नाही, ती माणूस उतारवयात विकत घेतो.

दुसरं कारण मोबाईल. पूर्वी गावातली गाडी गावातच विकली जायची. आता फोटो टाकला की कोल्हापूरच्या गाडीला केरळातून गिऱ्हाईक येतं. शिवाय महेंद्रसिंग धोनीसारख्यांच्या संग्रहात या गाड्या दिसल्या की तरुणांनाही त्या हव्याशा वाटतात. माझा विद्यार्थी त्यातलाच.

रंगरंगोटी की अस्सलपणा?

नवा रंग, चकचकीत क्रोम केलं की भाव वाढतो असं अनेकांना वाटतं. खरे संग्राहक मात्र उलट बघतात. इंजिन मूळचंच आहे का? टाकी, मीटर, सायलेन्सर कंपनीचे आहेत का? जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत लास वेगासच्या लिलावात १९०८ सालची एक हार्ले-डेव्हिडसन ९,३५,००० डॉलरला गेली. म्हणजे सात कोटी रुपयांहून जास्त. तिचे अनेक मूळ भाग टिकून होते, हे तिच्या किमतीमागचं एक मोठं कारण.

मग ही गुंतवणूक आहे का?

चला, एक गणित करू. समजा कुणी १९९० साली २०,००० रुपयांना गाडी घेतली आणि ती आज १,५०,००० ला गेली. साडेसात पट! वा!

आता त्याच वेळी त्याने सोनं घेतलं असतं तर? १९९० मध्ये १० ग्रॅम सोनं साधारण ३,२०० रुपयांना होतं. २०,००० भागिले ३,२०० म्हणजे सव्वासहा. म्हणजे साडेबासष्ट ग्रॅम सोनं आलं असतं. २०२४ मध्ये १० ग्रॅमचा भाव ७०,००० च्या आसपास होता. त्या हिशेबाने त्याचे चार लाखांहून जास्त झाले असते. सोन्याला पेट्रोल, ऑइल, टायर, फिटर काही लागत नाही, ते वेगळंच.

म्हणून सांगते, हौसेला मोल नसतं हे मान्य, पण हौसेला गुंतवणूक म्हणू नये. ज्यांच्या आठवणी त्या गाडीशी बांधलेल्या आहेत ती पिढी सरली की मागणीही उतरू शकते.

कागद आधी, किक नंतर

गाडी घ्यायचीच असेल तर एवढं बघा:

• आरसी बुकवरचे इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतात का? नंबर घासून पुन्हा पंच केलेला वाटला तर तिथूनच परत फिरा.
• १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं. ते झालंय का?
• विकणारा आणि आरसीवरचा मालक एकच आहे का? विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही लागते. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी करावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१.
• परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी.
• ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

आता त्या मुलाचं काय झालं ते सांगते. माझ्याकडे येण्याआधीच त्याने दहा हजार टोकन देऊन ठेवलं होतं. आरसी बघितली तर मालक वारलेला, वारस पाच आणि त्यातला एक सही द्यायला तयार नाही. विकणारा म्हणत होता, "चालवा हो, कोण विचारतंय!" पण उद्या अपघात झाला तर? विमा कुणाच्या नावाचा? मुलाने व्यवहार सोडला. टोकन काही परत मिळालं नाही. चार महिन्यांची बचत गेली याचं त्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण उरलेले एक लाख चाळीस हजार वाचले.

घरी येऊन मी वडिलांना म्हटलं, "अण्णा, आपली येझदी ठेवली असती तर आज किती आले असते!" ते म्हणाले, "सगळ्यांनीच ठेवल्या असत्या तर कुणी दिले असते गं?" अर्थशास्त्राचा अख्खा धडा त्यांनी एका वाक्यात संपवला.

विचार करा:
१) भाव वाढला तरी पुरवठा वाढत नाही, अशा आणखी तीन वस्तू सांगा.
२) तुमच्या घरातली कोणती साधी वस्तू तीस वर्षांनी दुर्मिळ होईल? का?
३) आजी-आजोबांना विचारा: त्यांची पहिली सायकल किंवा गाडी केवढ्याला आली होती? तेव्हा सोन्याचा भाव काय होता? वर केलं तसं गणित वहीत करून बघा.