घरी परतल्यावरचे चार आठवडे
(प्रवास आणि हिवताप : लेखांक ६)

मच्छरदाणीचा विषय आज पुढे ढकलावा लागतोय. जयपूरच्या मालवीय नगरातून एका मराठी गृहिणीचा प्रश्न आलाय आणि तो आठवडाभर थांबण्यासारखा नाही. मुलगा टांझानियाची जंगल सफारी करून परतलाय. हिवताप टाळण्यासाठी घ्यायच्या डॉक्सिसायक्लिनच्या तीन आठवड्यांच्या गोळ्या शिल्लक आहेत. डास तिकडेच राहिले, मग रोज गोळी कशाला, असं तो म्हणतो.

गोळी हवीच. याचं उत्तर नील हॅमिल्टन फेअरली या ऑस्ट्रेलियन डॉक्टरच्या कामात सापडतं. १९२०च्या दशकात मुंबईत नारूवर संशोधन केलेला हा माणूस दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स इथे हिवतापाच्या मागे लागला. स्वयंसेवक सैनिकांना त्याने जंतू असलेले डास मुद्दाम चाववून घेतले आणि ठरावीक वेळाने त्यांचं रक्त दुसऱ्या स्वयंसेवकांना दिलं. चाव्यानंतर साधारण अर्ध्या तासापर्यंतच्या रक्ताने दुसऱ्याला हिवताप होई. त्यानंतरचे सहा-सात दिवस मात्र त्या रक्ताने काहीच होत नसे! मग ते पुन्हा बाधक होई. या मधल्या काळात जंतू जातो कुठे? शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी १९४८ साली माकडाच्या यकृतात तो शोधून काढला.

डॉक्सिसायक्लिनचा भरवशाचा मारा रक्तातल्या जंतूवर चालतो, यकृतातल्या जंतूवर नाही. परतीच्या आदल्या रात्री डास चावला असेल, तर जंतू रक्तात उतरेल तो जयपुरात, आणि तेव्हा औषध रक्तात हजर हवं. म्हणून परतल्यावरही चार आठवडे. आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेफ्लोक्विनलाही हाच नियम. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यकृतातही काम करतं, त्यामुळे त्याला सात दिवस पुरतात.

डॉक्सिसायक्लिन जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये. गोळी अन्ननलिकेत अडकली तर छातीत वाईट जळजळ होते.

एवढं करूनही व्हायव्हॅक्स जातीचा जंतू यकृतात महिनोन्‌महिने दडून राहू शकतो. टांझानियात मुख्यतः फाल्सिपॅरम आहे, तो जास्त घातक. त्याचा ताप बहुधा तीन महिन्यांच्या आत येतो. पावसाळ्यात जयपुरात ताप आला की पहिला संशय डेंग्यूवर जातो आणि इथेच मौल्यवान वेळ वाया जातो. शिवाय टाक्यांत आणि कूलरच्या पाण्यात वाढणारा अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी हा शहरी डास रुग्णाचा जंतू शेजारच्या घरातही नेऊ शकतो. हाच डास २०१२ साली आफ्रिकेत जिबूतीत सापडला आणि तिथल्या शहरांची चिंता वाढली.

तेव्हा बाई, उरलेल्या गोळ्या त्याला एकही न चुकवता संपवायला लावा. वर्षभरात कधीही ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि केसपेपर काढतानाच टांझानियाचं नाव सांगा. मच्छरदाणी पुढच्या आठवड्यात.