कोठीघराची किल्ली

लग्नघरी आचारी बाहेरून येतो. त्याच्याबरोबर त्याची भांडी येतात, हाताखालची माणसे येतात, आणि पाचशे पानांना किती जिलेबी लागेल याचा त्याचा अंदाज घरातल्या कोणाहीपेक्षा पक्का असतो. तरीही जुन्या लग्नघरांत कोठीघराची किल्ली आचाऱ्याकडे जात नसे. ती घरातल्या एखाद्या जाणत्या मामांच्या किंवा काकूंच्या ताब्यात असे. कोणत्या पंगतीला व्याही बसणार, कोणाचा उपास आहे, कोणाला वाढायचे राहिले तर तो रुसवा वर्षभर पुरेल, हे आचाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

हा रिवाज आठवण्याचे निमित्त वरकरणी अगदी रुक्ष आहे : ग्राहकसेवेची संगणकप्रणाली. बँक, वीज कंपनी, महापालिका, रुग्णालय, अशा प्रत्येक संस्थेला आज तक्रारी आणि चौकशा हाताळण्यासाठी अशी प्रणाली लागते. ती विकत घेतल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो की, ती बसवायची कोणी? संस्थेच्याच कर्मचाऱ्यांनी, की बाहेरून बोलावलेल्या सल्लागारांनी? बहुतेक ठिकाणी हा प्रश्न दरपत्रकांची तुलना करून एका बैठकीत निकालात निघतो. तो खर्चाचा प्रश्न आहेच. पण त्याहून अधिक तो ज्ञानाचा प्रश्न आहे. संस्थेला आपल्या ग्राहकांची जी समज आहे, ती उद्या कोणाच्या डोक्यात राहणार, हे त्या बैठकीत नकळत ठरून जाते.

प्रणाली ‘बसवणे’ म्हणजे काय?

विकत मिळते ती प्रणाली म्हणजे रिकामा सांगाडा. तक्रार आली की तिला क्रमांक मिळतो, ती एखाद्या प्रकारात मोडते, कोणाकडे तरी जाते, तिला मुदत असते आणि मुदत उलटली की ती वरच्या अधिकाऱ्याकडे चढते. एवढी यंत्रणा सगळ्याच प्रणालींत थोड्याफार फरकाने सारखी. खरे काम त्यानंतर सुरू होते. तक्रारींचे प्रकार किती आणि कोणते? तातडीची कोणती? कोणती कोणाकडे पाठवायची? आणि मुख्य म्हणजे, तक्रार ‘मिटली’ असे कोणी ठरवायचे : उत्तर देणाऱ्याने की तक्रार करणाऱ्याने?

एक साधे उदाहरण घेऊ. धावत्या गाडीतला प्रवासी कळवतो, ‘डब्यात पाणी नाही.’ ही तक्रार स्वच्छतेची मानायची, डब्याच्या देखभालीची, की मागच्या स्थानकावर पाणी भरणाऱ्यांची? चुकीच्या रकान्यात पडली तर ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहते आणि तोवर प्रवाशाचे स्थानक येते. कागदोपत्री तक्रार पुढे मिटतेही. पडद्यावरची प्रकारांची यादी ज्याने बनवली, त्याने त्या प्रवाशाच्या वाट्याला काय येणार हे आधीच ठरवलेले असते. ही यादी दिसते तांत्रिक, पण असते धोरण.

दोन्ही बाजूंचे बळ

सल्लागाराची बाजू आधी पाहू, कारण ती अनेकदा अन्यायाने मांडली जाते. त्याने हीच प्रणाली अनेक ठिकाणी बसवलेली असते. जुनी माहिती नव्या प्रणालीत आणताना कुठे फसगत होते, कोणता पर्याय दिसायला सोपा आणि पुढे महाग पडतो, हे त्याला अनुभवाने माहीत असते. शिवाय तो घरच्या राजकारणापासून दूर असतो. ‘आमच्याकडे असेच चालत आले आहे’ हे वाक्य त्याला मान्य करावे लागत नाही. घरच्या माणसांवर काम सोपवले की कधी कधी जुनी नोंदवहीच जशीच्या तशी पडद्यावर उतरते, आणि तिच्यातले दोषही उतरतात.

घरच्या माणसाचे बळ वेगळे. ‘बिल जास्त आले’ असे सांगणाऱ्या दहा ग्राहकांपैकी मीटरबद्दल कोण बोलत आहे, थकबाकीबद्दल कोण आणि हप्ते मागायला कोण संकोचत आहे, हे त्याला दोन वाक्यांत कळते. हे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत नसते आणि विचारले तर त्यालाही ते धड सांगता येत नाही.

एखादे काम संस्थेने स्वतः करावे की बाजारातून करून घ्यावे, या प्रश्नाचा पाया अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली घातला. बाजारातून घेतलेल्या वस्तूला किमतीखेरीज आणखी एक खर्च असतो : माणूस शोधणे, करार करणे, देखरेख ठेवणे. हा खर्च फार वाढला की काम घरात करणे परवडते. पुढे ऑलिव्हर विल्यमसन यांनी त्यात एक महत्त्वाची भर घातली. काम जितके एकाच संस्थेपुरते खास, तितके ते बाहेर देणे जोखमीचे. कारण एकदा दिले की देणारा आणि घेणारा एकमेकांत अडकतात. तक्रारींचे वर्गीकरण हे असेच खास काम आहे. सर्व्हर उभारणे तसे नाही.

रेल्वेची गोष्ट

या प्रश्नाचे आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण रेल्वे आरक्षणाचे आहे. संगणकापूर्वीचे आरक्षण ज्यांनी केले आहे त्यांना त्या रांगा आठवत असतील. प्रत्येक गाडीची, प्रत्येक तारखेची नोंदवही वेगळी आणि ठरावीक गाड्यांना ठरावीक खिडकी. चुकीच्या रांगेत तासभर उभे राहिल्यावर ‘पलीकडे जा’ हे ऐकायची तयारी ठेवावी लागे. परतीच्या प्रवासाची जागा तारेने मागवली जाई.

१९८५-८६ साली दिल्लीत या कामाचे संगणकीकरण सुरू झाले. ‘इम्प्रेस’ नावाची ती प्रणाली सीएमसी या सरकारी संगणक कंपनीने रेल्वेसाठी तयार केली. म्हणजे पहिले पाऊल बाहेरच्या तज्ज्ञांच्या मदतीने पडले, आणि ते योग्यच होते. एवढ्या मोठ्या प्रणालीचा अनुभव त्या वेळी रेल्वेच्या घरात नव्हता. पण अवघड भाग यंत्रात नव्हता, नियमांत होता. महिलांचा कोटा, संरक्षण दलांचा कोटा, मधल्या स्थानकांचे कोटे, प्रतीक्षायादी, आरएसी, सवलतींचे प्रकार, हे सारे आरक्षण कारकुनांच्या डोक्यात आणि जाडजूड नियमपुस्तकांत विखुरलेले होते.

त्याच सुमारास, १९८६ साली, रेल्वेने आणखी एक गोष्ट केली. रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीत ‘क्रिस’, म्हणजे सेंटर फॉर रेल्वे इन्फर्मेशन सिस्टिम्स, ही स्वायत्त संस्था स्थापन झाली. तिची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. तिथे संगणकतज्ज्ञ आहेत आणि त्यांच्या शेजारी रेल्वेत प्रत्यक्ष काम केलेली माणसेही आहेत. एकाला आज्ञावली येते, दुसऱ्याला कोटा म्हणजे काय हे हाडीमांसी माहीत असते.

दिल्लीनंतर मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद इथेही आरक्षण संगणकावर आले, पण ही पाच केंद्रे पाच स्वतंत्र बेटांसारखी होती. त्यांना जोडण्यासाठी ‘कॉन्सर्ट’ ही नवी प्रणाली क्रिसने स्वतः लिहिली. ती १९९४ साली सिकंदराबादला सुरू झाली आणि १९९९ साली पाचही केंद्रे एकमेकांशी जोडली गेली. मुंबईच्या खिडकीवरून देशातल्या कोणत्याही आरक्षित गाडीची जागा मिळणे आज इतके सवयीचे झाले आहे की त्यामागे चौदा वर्षांचे शिक्षण आहे हे लक्षातही येत नाही.

इंटरनेटवरून तिकिटे २००२ साली मिळू लागली. पुढे तत्काळची खिडकी उघडताच संकेतस्थळ अडखळू लागले, तेव्हा क्रिसनेच नवी प्रणाली उभी केली आणि ती २०१४ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. आधीच्या मिनिटाला २,००० तिकिटांच्या जागी ७,२०० तिकिटांची क्षमता आली. यामुळे सगळ्यांना जागा मिळाली असे नाही. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको. जागा कमी पडण्यावर संगणकाकडे औषध नाही. पण बिघाड कशात आहे हे समजणारी माणसे घरात होती.

प्रवाशांच्या तक्रारींचीही हीच कथा. २०१८ साली आलेल्या ‘रेल मदद’चे मूळ उत्तर रेल्वेच्या दिल्ली विभागाने तयार केलेल्या तक्रारप्रणालीत आहे. पुढे चौकशीचे, तक्रारींचे, सुरक्षेचे निरनिराळे दूरध्वनी क्रमांक २०२१ पर्यंत १३९ या एकाच क्रमांकात विलीन झाले. पीएनआर दिला की गाडी आणि डबा कळतो. ‘पाणी नाही’ हे वाक्य कोणाकडे जायला हवे, हे मात्र रेल्वे जाणणाऱ्या माणसालाच आधी ठरवून द्यावे लागते.

घरात वाचणारा नसला तर

सारे बाहेर सोपवले की काय होते, याचा धडा अमेरिकेत मिळाला. आरोग्यविम्याच्या नोंदणीसाठी तिथल्या केंद्र सरकारने ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी खुले केले. पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. कामावर पन्नासहून अधिक कंत्राटदार होते, त्यांत नामांकित कंपन्याही होत्या. सगळे तुकडे एकत्र जोडण्याची जबाबदारी सरकारी यंत्रणेने स्वतःकडे ठेवली होती, पण ती पेलण्याइतकी तांत्रिक जाण तिच्याकडे नव्हती. नियोजन आणि देखरेख तोकडी पडली, असे तिथल्या लेखापरीक्षण संस्थेने पुढच्या वर्षी नोंदवले.

पुढे अभियंत्यांच्या एका छोट्या गटाने रोज एकत्र बसून दोष शोधले आणि डिसेंबरपर्यंत संकेतस्थळ बहुतेकांना वापरता येऊ लागले. तो गटही बाहेरूनच आला होता. त्यामुळे ‘बाहेरचे वाईट’ हा धडा इथे निघत नाही. करून देणाऱ्याचे काम वाचता येईल असा माणूस करून घेणाऱ्याच्या घरात नव्हता, ही खरी उणीव होती. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी सरकारने स्वतःचे डिजिटल सेवा पथक स्थापन केले ते याच अनुभवातून.

डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाऊर यांनी १९८५ साली एका निबंधात हीच गोष्ट मुळापासून मांडली होती. त्यांच्या मते आज्ञावली म्हणजे लिहिलेल्या ओळी नव्हेत. ती लिहिणाऱ्यांच्या मनात तयार झालेली समज हा तिचा प्राण आहे. ती माणसे पांगली की ओळी उरतात, चालतातही, पण त्यांत अर्थपूर्ण बदल करणे दुष्कर होते. पोथी हाती असून तिचा अर्थ लावणारी परंपरा तुटावी, तसे. साहित्याच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

मग निवड कशी करावी?

एक सोपी कसोटी अशी की, काम एकदाच करायचे आहे की कायम? जुन्या नोंदी नव्या प्रणालीत हलवणे, दूरध्वनी यंत्रणेशी तिची जोडणी करणे, सुरक्षेची तपासणी, ही कामे एकदाची आणि विशेष कौशल्याची आहेत. ती सल्लागाराला द्यावीत. तक्रारींचे प्रकार, मुदती, उत्तरांचे मसुदे, तक्रार मिटल्याचा निकष, ही कामे दर काही महिन्यांनी बदलणार. ती घरच्या माणसांनी करावीत, सल्लागाराने शेजारी बसून शिकवावे.

घरची माणसे म्हणजे मात्र ‘सवड मिळेल तेव्हा’ काम करणारी माणसे नव्हेत. निदान दोघांना त्या काळापुरते रोजच्या कामातून मोकळे करावे लागते. एकच असला तर तो नोकरी सोडून जातो तेव्हा ज्ञानही जाते. ही तरतूद दरपत्रकात दिसत नाही, म्हणून घरचे काम फुकट वाटते. ते फुकट नसते. करार लिहितानाच ठरवावे की, सर्वाधिकाराची खाती, मांडणीची कागदपत्रे आणि तक्रारींची संपूर्ण माहिती शेवटच्या दिवशी कोणाकडे असेल. आणि सल्लागार असतानाच एक लहानसा बदल घरच्यांनी त्याच्या मदतीविना करून पाहावा. जमला नाही तर शेवटचा हप्ता देण्याची घाई करू नये.

यात एक अडचण उरते आणि ती आपल्याकडे वाढते आहे. अनेक संस्थांत आता दूरध्वनी उचलणारी माणसेच कंत्राटी आहेत. ग्राहकाचा आवाज रोज ऐकणारी मुलगी सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीचा फोन उचलत असते. ज्यांना सर्वांत कमी पगार आहे त्यांच्याकडे सर्वांत जास्त समज आहे, आणि प्रणालीची यादी ठरवणाऱ्या बैठकीत त्यांना खुर्ची नाही. अशा संस्थेत ‘घरचे की बाहेरचे’ हा वाद कितीही घातला तरी व्यर्थ आहे, कारण कोठीघराची किल्ली कधीच हातातून गेलेली आहे. दरपत्रके उघडण्यापूर्वी त्या मुलीला तासभर समोर बसवून विचारावे की, लोक फोनवर नेमके काय म्हणतात, आणि त्यांना काय म्हणायचे असते. त्या तासात जे कानावर पडेल, ते कोणत्याही सल्लागाराच्या दरपत्रकात लिहिलेले नसते.