लून पक्षी आणि शिशाची गोळी
आपण घास चावून खातो. पक्ष्यांना दात नसतात, म्हणून अनेक पक्षी खडे गिळतात. पोटातील पेषणीत त्या खड्यांनी अन्न भरडले जाते. कोंबडीतही आपल्याला हे पाहता येते. उत्तर अमेरिकेच्या वनांतील सरोवरांत मासे खाणारा लून हा पाणपक्षीही तळाचे खडे गिळतो. मासेमाराच्या गळाची तुटून पडलेली शिशाची गोळीही खड्यासोबत पोटात जाते. तेथे ती घासली जाते, आम्लात विरघळते आणि शिसे रक्तात भिनते. एकच गोळी लूनचा जीव घेऊ शकते.

अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद झाले. न्यू हॅम्पशायर राज्याने २००० पासून सरोवरांत गळाच्या लहान शिशाच्या गोळ्यांवरही बंदी घातली. गळाला वजन हवेच. पण ते कथलाचे किंवा पोलादाचेही चालते.