वजन काठावर हवं

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांडं घडवून झालं की त्यावर मठारकाम होतं. हातोडीच्या ठोक्यांनी पत्रा चमकतो, शिवाय कडकही होतो, कारण तांबं मुळात मऊ. याच तांब्याचा यो-यो करायचा म्हटलं, तर मात्र खरी अडचण वजनाची. त्याची घनता ८.९, अॅल्युमिनियमची २.७. स्पर्धेतला यो-यो साधारण ५५ मिलिमीटर व्यासाचा आणि ६० ते ६८ ग्रॅमचा. एवढ्या वजनात तांब्याचा यो-यो बसवायचा तर भिंती इतक्या पातळ होतील की एकदा फरशीवर आपटला की संपला.

पेद्रो फ्लोरेस या फिलिपिनो माणसानं १९२८ साली कॅलिफोर्नियात यो-योचं उत्पादन सुरू केलं. त्याच्या यो-योची दोरी आसाला गाठ मारून बांधलेली नव्हती, नुसती वेढा घालून अडकवलेली होती. त्यामुळे यो-यो खाली जाऊन तिथंच फिरत राही. आज स्पर्धेतल्या यो-योच्या आसावर बॉल बेअरिंग असतं आणि तो आपणहून वर येतच नाही. दोरीचा विशिष्ट पेच टाकून त्याला बोलवावं लागतं. तोवर तो जितका जास्त फिरेल तितक्या करामती जास्त.

मग धातू कोणता, यापेक्षा तो कुठं ठेवलाय हे महत्त्वाचं ठरतं. फिरत्या वस्तूचं जडत्व अंतराच्या वर्गानुसार वाढतं. आसापासून १३ मिलिमीटरवरचं २० ग्रॅम वजन २६ मिलिमीटरवर सरकवलं, की तेच वजन चौपट काम करतं. शेतावरच्या जुन्या डिझेल इंजिनाचं बिडाचं फ्लायव्हील आठवा. त्या चाकाचाही भार काठावरच असतो. म्हणून अंग अॅल्युमिनियमचं आणि काठावर पोलादी कडं, असे द्विधातूचे यो-यो आले. ते दीर्घकाळ फिरतात, तोल सहज ढळत नाही. पण हातात काहीसे जड आणि हट्टी वाटतात, अशी तक्रार असते.

निव्वळ अॅल्युमिनियममध्येही जाती आहेत. ६०६१ स्वस्त आणि कापायला सोपं. जस्त मिसळलेलं ७०७५ जवळजवळ दुप्पट ताकदीचं, त्यामुळे भिंत पातळ ठेवून वाचलेलं वजन काठाकडे नेता येतं. टायटॅनियम (घनता सुमारे ४.४) सगळ्यांत लाडकं आणि महाग. ते कापताना उष्णता हत्याराच्या टोकाशीच साचते, हत्यारं लवकर झिजतात. बदल्यात मिळतो एक बारीक झंकार, आणि सिमेंटवर घासलं की ठिणग्या. कामगिरीत ते द्विधातूच्या फार पुढं असतं असं नाही. पैसे बरेचसे त्या झंकाराचे.

पोलादी कडं बसवताना मिलिमीटरच्या शतांशातली चूकही थरथर बनून बोटाला कळते. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या सीएनसी लेथवर वाहनांचे सुटे भाग याच मापात रोज निघतात. तुळशीबागेत पोरांच्या हाती पडणारा यो-यो मात्र प्लॅस्टिकचा.