‘वरून’ घेतलेलं कोण मोजणार?

दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण, थोडा भात. जेवण झालं की अ‍ॅप उघडायचं, एवढं सगळं त्यात टाकायचं आणि आकडा हिरवा दिसला की खूश व्हायचं. तुमच्या ग्रुपमध्येही एखादा तरी असं करतच असेल. कदाचित तो तुम्हीच असाल! पण महिना होतो, काटा जागचा हलत नाही. मग ‘माझं मेटाबॉलिझमच स्लो आहे यार’ असं म्हणत दोन पोळ्यांची एक पोळी होते. भात तर बंदच होतो.

एक मिनिट. पोळी कमी करण्याआधी एवढंच सांगा, पोळीबरोबर शेंगदाण्याची चटणी किती घेतली होती? वरणावर तूप? दुपारच्या सँडविचमध्ये मेयो? चहात साखर? यातलं काही अ‍ॅपमध्ये टाकलं होतं का?

बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असतं, कारण ‘वरून’ घेतलेल्या गोष्टींना आपण जेवण समजतच नाही. अ‍ॅपलाही ते आपोआप कळत नाही. तुम्ही ‘व्हेज सँडविच’ लिहिलं की ते सरासरी सँडविचचा आकडा देतं. तुमच्या कँटीनवाल्या दादांचा हात किती सढळ आहे, हे त्याला कुठून माहीत असणार?

हिशेब करून बघू

आधी साधं गणित. १ ग्रॅम पिठूळ किंवा गोड पदार्थातून साधारण ४ कॅलरी मिळतात, १ ग्रॅम प्रथिनांतूनही तेवढ्याच. १ ग्रॅम तेला-तुपातून मात्र ९, म्हणजे दुपटीहून जास्त. म्हणून चमचाभर दिसणारी गोष्ट ताटात जागा अडवत नाही, पण हिशेबात अडवते.

आता एका साध्या दिवसात वरून काय काय येतं ते बघा. सकाळी टोस्टवर १० ग्रॅम बटर, साधारण ७० कॅलरी. डब्यात दोन मोठे चमचे शेंगदाण्याची चटणी, म्हणजे २० ग्रॅमच्या आसपास, ११० कॅलरी. सँडविचमध्ये दोन मोठे चमचे मेयो, नेहमीचं असेल तर २०० पर्यंत. रात्री वरण-भातावर छोटा चमचा तूप, ४५. दिवसभरात तीन चहा, प्रत्येकी एक चमचा साखर, मिळून ६०. बेरीज ४८५.

वजन कमी करायचं म्हटलं की अनेक अ‍ॅप्स आणि डाएट प्लॅन रोज ५०० कॅलरींच्या आसपास तूट ठेवायला सांगतात. म्हणजे तुमची जवळजवळ सगळी तूट या पाच गोष्टींनीच भरून निघाली. ३० ग्रॅम कणकेच्या, तेल न लावलेल्या फुलक्यात साधारण १०० कॅलरी असतात. मेयोचे ते दोन चमचे म्हणजे दोन फुलके झाले, आणि शिक्षा मात्र पोळीला!

हे फक्त तुमचंच होतं असंही नाही. ‘आम्ही दिवसाला १२०० पेक्षाही कमी कॅलरी खातो, तरी वजन उतरत नाही’ असं सांगणाऱ्या काही लोकांवर न्यूयॉर्कमध्ये अभ्यास झाला होता. तो १९९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. त्यांचं मेटाबॉलिझम तपासलं तर ते नॉर्मल निघालं. फरक नोंदींमध्ये होता. आपण खाल्लेलं ते सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि केलेली हालचाल ५१ टक्के जास्त. मुद्दाम खोटं बोललं तरच असं होतं, असं काही नाही. जे जेवण वाटतच नाही, ते लिहायचं राहूनच जातं.

काय मोजायचं, काय सोडायचं

घाबरू नका, कोथिंबिरीची काडी मोजायची नाहीये. नियम सोपा आहे : जे तेलकट, तुपकट, दाण्या-खोबऱ्याचं किंवा गोड आहे ते मोजा. जे आंबट, तिखट आणि पाणीदार आहे ते सोडून द्या.

सोडून द्यायच्या यादीत लिंबू, हिरवी मिरची, कांदा, काकडी, व्हिनेगर, पुदिना-कोथिंबिरीची साधी चटणी. टोमॅटो केचपच्या एका मोठ्या चमच्यात १५-२० कॅलरी असतात. एक चमचा असेल तर विसरा, अर्धी बाटली रिकामी होत असेल तर लिहा.

मोजायच्या यादीत मेयो, बटर, चीज, तूप, दाण्याची आणि सुक्या खोबऱ्याची चटणी, चिंच-गुळाची चटणी, लोणच्याचं तेल आणि मिसळीवर पडणारं फरसाण. ‘मामा, थोडं एक्स्ट्रा’ म्हणून आलेलं ३० ग्रॅम फरसाण दीडशे कॅलरींच्या घरात जातं. तर्रीवर तरंगणारा लाल थर म्हणजे तेलच.

दोन गैरसमजही काढून टाका. ऑलिव्ह ऑइल असो की लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल, एका मोठ्या चमच्यात १२० च्या आसपास कॅलरी असतातच. गूळ आणि मधही हिशेबात साखरेचे सख्खे भाऊ आहेत. ‘हेल्दी’ आहे म्हणून ते आपोआप शून्य होत नाहीत.

लोणचं-पापडाचा मुद्दा थोडा वेगळा आहे. तिथे कॅलरींपेक्षा मीठ जास्त महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. रात्री खारट खाल्लं तर शरीर पाणी धरून ठेवतं आणि सकाळी काटा जास्त दाखवू शकतो. ती चरबी नसते, त्यामुळे लगेच उपास सुरू करू नका.

एक आठवडा, बस्स!

हे आयुष्यभर करायचं नाहीये. एकच आठवडा करून बघा.

पहिलं, चमचा ठरवा. रेसिपीतला छोटा चमचा ५ मिलीचा आणि मोठा १५ मिलीचा. पोहे खायचा आपला चमचा घरोघरी वेगळा, म्हणून एकदा मोजून घ्या. घरी वजनकाटा असेल तर अख्खी बरणीच त्यावर ठेवा, चमचाभर काढा आणि वजन किती कमी झालं ते बघा.

दुसरं, लेबल वाचताना ‘प्रति सर्व्हिंग’च्या छोट्या आकड्यावर भुलू नका. १०० ग्रॅमचा आकडा बघा आणि आपण किती घेतो त्याच्याशी गुणा.

तिसरं, बाहेर खाताना ‘मेयो वेगळं द्या’, ‘बटर कमी’ असं बिनधास्त सांगा. वेगळं आलं की किती घेतोय ते दिसतं.

चौथं, फोडणीचं तेल. यासाठी घरी आईच्या किंवा बाबांच्या डोक्याशी उभं राहून चमचे मोजू नका, भांडण होईल! तेलाची पिशवी फोडली की तारीख लिहून ठेवा. चार जणांच्या घरात एक लिटर तेल १० दिवसांत संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज साधारण २५ मिली, म्हणजे २०० च्या आसपास कॅलरी येतात.

आठवड्यानंतर तुम्हाला तुमच्या दोन-तीन ‘चोरजागा’ कळतील. कुणाची मेयोत असेल, कुणाची चहात. तेवढ्याच बदला. दाण्याची चटणी टाकून द्यायची गरज नाही, तिच्यात प्रथिनंही असतात आणि तिच्यामुळे मेसची भाजी घशाखाली उतरते. दोनाऐवजी एक चमचा घ्या आणि काढून टाकलेली पोळी परत ताटात आणा.

आणि मोजणं थांबवायचं कधी?

चटणीचा चमचा बघून भीती वाटायला लागली, मित्रांबरोबर खायला जाणं टाळावंसं वाटलं, एक सामोसा खाल्ला म्हणून रात्रीचं जेवण सोडलं, चक्कर येऊ लागली, पाळी चुकू लागली, तर अ‍ॅप लगेच बंद करा आणि डॉक्टरांशी बोला. मनावर ताण असेल तर ‘टेलि-मानस’ ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. अकरावी-बारावीतल्यांनी तर वाढीच्या वयात मनानेच डाएट सुरू करू नये. आधी डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारावं.

आकडे अंदाजेच असतात. लेबलवरचे, अ‍ॅपमधले आणि या लेखातलेही. पाच-दहा कॅलरींसाठी जीव काढू नका. मोठी गळती कुठे आहे तेवढं शोधा. ती सापडली की पोटभर जेवूनही हिशेब जुळतो, आणि वरण-भातावरचं चमचाभर तूपही त्यात आरामात बसतं.